गालाचं माप

रविवार, १ मार्च २००९

शेवटी देसने बंदूक दिली! आईचं घर रिकामं केलं तेव्हा त्याने ती आपल्या गॅरेजात नेऊन टाकली होती, तेव्हापासून मी मागे लागले होते. "घे बाई, तुझ्या परवान्यावर चढव आणि मला सोड," म्हणाला. सख्खा भाऊ, पण बोलतो असा जणू मी वसुलीला आलेय.

ब्लँकेट उलगडलं आणि डोकंच फिरलं. लहानपणी स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलेली असायची, पण आम्हाला हात लावायची मनाई, त्यामुळे कधी नीट पाहिलीच नव्हती. जुनी लष्करी थ्री-नॉट-थ्री. टोकापर्यंत अक्रोडाच्या लाकडात झाकलेली असायला हवी. बाबांनी नळीखालचं लाकूड अर्ध्यावर करवतून टाकलंय! टोकाची पोलादी टोपी गायब. खांद्याला टेकतो तो दस्ता मागून कापून आखूड केलाय, पितळी पाटी काढून तिथे काळं रबर ठोकलंय. आणि दस्त्याच्या उजव्या अंगाला कानस मारून मारून बशीसारखा खळगा पाडलाय, ओरखडे अजून तसेच. मी जन्मभर सुतारकाम केलं. लाकडाशी असं कुणी वागत नाही. नळी शाबूत आहे एवढंच नशीब.

मंगळवार, ३ मार्च

मर्विनला दाखवली. माजी सैनिकांच्या क्लबचं सगळं तोच बघतो, आणि जुन्या बंदुकांचं म्हणाल तर घरात बायकोच्या सांध्यांपेक्षा बंदुकांना जास्त तेल लावतो असं अख्खं रीफ्टन गाव म्हणतं. उलटसुलट करून बघितली, च्‌ च्‌ करत राहिला. मग म्हणतो, "कॉनने ही कानस प्यायल्यावर मारली का गं? खळगासुद्धा चुकीच्या बाजूला! उजव्या हाताच्या माणसाचा गाल डाव्या अंगाला येतो."

बाबा उजवेच होते. पबमध्ये त्यांचा फोटो आहे — पायाशी मोठं शिंगाळं हरीण, उजव्या हातात हीच बंदूक. खोऱ्यातला सगळ्यात अचूक नेम म्हणून अजून नाव निघतं.

तर मर्विन म्हणाला, पूर्वी होती तशी करून दे, २५ एप्रिलला अँझॅक दिवशी, सैनिकांच्या स्मरणदिनी, क्लबच्या काचेच्या कपाटात ठेवू. खाली पाटी — कॉन गिलूली. त्याचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणून बसले.

का, ते इथे लिहून ठेवते. बाबा दुसऱ्या महायुद्धात कासिनोच्या लढाईत होते, पण अँझॅकच्या पहाटेच्या संचलनाला एकदाही गेले नाहीत. सगळं गाव पदकं लावून चौकात, आणि हे घरामागे लाकडं फोडतायत. "गिलूलीला कसला एवढा माज?" हे मी दुकानाच्या रांगेत स्वतःच्या कानांनी ऐकलंय. तेव्हा लहान होते, गप्प बसले. या गावात त्यांच्या नावाची एकही वस्तू नाही. एकदा, फक्त एकदा, ते बाकीच्यांच्या ओळीत उभे राहिलेले मला बघायचेत.

शनिवार, ७ मार्च

वृद्धाश्रमात आईकडे. सफरचंदं सोलत बसली होती, सुरी डाव्या हातात. नर्स बिचारी धास्तावून बघत होती. देसने बाबांची बंदूक दिली म्हणून सांगितलं.

"बाबांची?" म्हणाली, आणि हसली. मग फोड माझ्या हातात कोंबत, "तेल लाव. बाकी आहे तशी राहू दे."

कपाटाचं काही बोलले नाही. पूर्ण झाल्यावरच दाखवीन. तोंड उघडंच राहील तिचं!

गुरुवार, १२ मार्च

मागवलेल्या दस्त्याचा अजून पत्ता नाही. गिऱ्हाइकाची स्वयंपाकघरातली कपाटं अर्धवट पडलीत आणि मी पाय भाजलेल्या मांजरासारखी वर्कशॉपभर फिरतेय.

गुरुवार, १९ मार्च

डनीडनहून दस्ता आला. लष्कराच्या जुन्या साठ्यातला, पूर्ण लांबीचा, कुणी कधी वापरलेलाच नाही. पितळी पाटी आणि टोकाची टोपी मर्विनच्या खोक्यात निघाली.

जुना दस्ता काढण्याआधी सहज खांद्याला लावून बघितला. खळग्याचा मला काय उपयोग, पण लांबी अगदी माझ्या मापाची. मग नवा बसवला तर केवढा लांब! बोल्टपर्यंत हात पुरता पुरेना. सैन्याचं माप उंच पुरुषांचं, मी पडले आईसारखी बुटकी. असो. कपाटात ठेवायच्या वस्तूला माझं माप कशाला?

गुरुवार, २६ मार्च

जुळत नाही!! नळीखाली नवं लाकूड जोडायचं तर रंग निराळा, रेषा निराळ्या. चहाचं पाणी लावून पाहिलं, डाग देऊन पाहिला. आजारी दिसतं.

मर्विन म्हणाला, "तो जुना दस्ता आहे ना? त्यातूनच काप की पट्टी. तेवढंच जुनं, तेवढंच तेल प्यालेलं. नाहीतरी चुलीतच जायचाय तो."

बरोबर आहे त्याचं. मग मला बोचतंय काय?

शनिवार, २८ मार्च

कापला.

संध्याकाळी देसला फोनवर सांगितलं. मग म्हणाला, "बाबांच्या हातचं काम होतं गं ते. ठेवायचं होतंस."

"हातचं काम नव्हे, हातचा गाढवपणा," मी म्हणाले आणि लगेच जीभ चावली. मग इकडचं तिकडचं बोलत राहिलो. आईबाबा दोघं डोंगरावर शिकारीला जायची तेव्हा आम्हाला शेजारच्या मिसेस किहोंकडे ठेवायची, तिच्याकडच्या कोबीच्या वासाने देसला अजून मळमळतं. बाबा हरीण खांद्यावर घालून पुढे आणि आई मागून, म्हणे. "तिला बिचारीला डबा वाहायला न्यायचे." खांद्यावर पट्ट्याचा निळाकाळा वळ उठलेला असायचा तिच्या. तो मलाही आठवतो.

गुरुवार, २ एप्रिल

सांधा जमला! नळी लाकडाला आवळणाऱ्या पोलादी कड्याच्या बरोब्बर खाली लपतो. कडं सरकवलं की कुठे जुनं संपतं आणि कुठे जोड सुरू होते ते मलाच सांगता येत नाही. इतकं चांगलं काम माझ्या हातून कधी झालं नसेल. बाबा असते तर त्यांना दाखवलं असतं — लाकडाशी असं वागायचं असतं, म्हणून.

बुधवार, ८ एप्रिल

जवसाच्या तेलाचा आणखी एक हात. वाळेपर्यंत बसवत नाही. उठते, बोट लावते, बसते. रविवारी ईस्टर, आई जेवायला येणार आहे.

रविवार, १२ एप्रिल. ईस्टर

कुठून सुरुवात करू?

जेवण झालं. कोकराचं मांस आवडीने खाल्लं तिने. मग मी बंदूक आणली, वरचं फडकं काढलं. तोंड उघडंच राहील म्हणून तिच्याकडेच बघत होते.

आईने हात पुसले. उठली. बंदूक उचलली ती म्हाताऱ्या बाईसारखी नाही — आधी बोल्ट मागे ओढून आत बोट घालून पाहिलं, रिकामी आहे ना. मग डाव्या खांद्याला लावली. डाव्या! नळी खाली झुकत गेली. गाल लाकडावर काहीतरी शोधत होता, सापडेना. पुन्हा उचलली. पुन्हा तेच. मग उष्ट्या ताटांच्या मधोमध ठेवून दिली.

"ही माझी नव्हे."

"आई, अगं बाबांचीच आहे ती, मी फक्त —"

"माझा दस्ता कुठाय, नोलीन?"

मग तिने सगळं सांगितलं. बाबांनी आयुष्यात एकही हरीण मारलं नाही. एकही नाही. युद्धावरून आल्यावर पहिल्यांदा डोंगरावर गेले, एक गोळी झाडली आणि तिथेच बसून ओकत राहिले. घरात दोन पोरं, हिवाळा तोंडावर. मग त्यांनीच तिला विचारलं, तुला जमेल का? माहेरी ससे मारलेले होते तिने. आणि ती मुळातली डावरी. शाळेत नन्सनी हात बांधून उजवा करवला तो फक्त लिहिण्यापुरता. उरलेलं सगळं अजून डाव्यानेच. मी जन्मभर ते बघत आलेय आणि मला कधी दिसलं नाही!

बंदूक पुढे जड व्हायची म्हणून त्यांनी पुढचं लाकूड कापलं. दस्ता लांब पडायचा म्हणून आखूड केला. धक्का कमी बसावा म्हणून रबर. मग गाल. रोज संध्याकाळी तिला स्वयंपाकघरात उभी करायचे, ती बंदूक उचलायची, ते विचारायचे, "इथे?" ती म्हणायची, "अजून थोडं." दोन हात कानस मारायचे, पुन्हा उचलायला लावायचे. कित्येक दिवस असं चाललं. "इतक्या काळजीने माझा लग्नाचा झगासुद्धा कुणी शिवला नव्हता," म्हणाली.

तो वळ डब्याच्या पट्ट्याचा नव्हता. पबमधला फोटो तिनेच काढलाय. पुरुषांत हसं होईल म्हणून त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं होतं, कुणाला सांगायचं नाही. आणि २५ एप्रिलची ती लाकडं? चौकातला बिगुल कानावर पडू नये म्हणून. तो झाकायला कुऱ्हाडीचा आवाज लागायचा त्यांना. माज!

मग मी सांगितलं दस्त्याचं काय केलं ते. कुठे लावलाय ते बोटाने दाखवलं. तिने कड्यापुढच्या लाकडावरून अंगठा फिरवला, मागे पुढे, दोनदा.

"छान केलंयस," म्हणाली. "कळतसुद्धा नाही."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवार, १३ एप्रिल

कचऱ्याचा डबा उपसला. चुलीतली राख चाळली. एक ढलपी मिळाली, काड्यापेटीएवढी, एका बाजूला कानशीचे ओरखडे. बाकीचा खळगा मीच जाळला. वर्कशॉपमध्ये बसून रडले, मोठ्याने रडले.

शुक्रवार, १७ एप्रिल

मर्विन दोनदा येऊन गेला. नावाची पाटी तयार आहे म्हणे, बंदूक कधी देतेस? तेल वाळायचंय, असं सांगितलं. तेल केव्हाच वाळलंय.

शुक्रवार, २४ एप्रिल

नवा दस्ता सुटा काढून वृद्धाश्रमात नेला. नुसतं लाकूड, कोण कशाला हरकत घेतंय? पिशवीत बाबांचीच कानस. आईला खिडकीशी बसवलं, पुढचं टोक मी धरलं, तिने गाल टेकवला.

"इथे?"

"अजून थोडं."

मर्विनच्या कपाटासाठी मागवलेला तो नवाकोरा, निष्कलंक दस्ता! मी दोन हात कानस मारायचे, थांबायचे, पुन्हा टेकवायला लावायचे. भुसा तिच्या मांडीवर पडत होता. शेवटी गाल बसला. तिने उजवा डोळा मिटला आणि खिडकीबाहेर नेम धरला.

मग म्हणाली, उद्या ठेव त्यांच्या कपाटात. मी वचनाची आठवण करून दिली. "ते त्याच्यासाठी दिलं होतं," म्हणाली. "आता तो नाही, आणि मी अजून आहे."

"मर्विन म्हणेल खळगा चुकीच्या बाजूला आहे."

"मला पहाटे तिथे घेऊन चल. मी दाखवते त्याला."