नऊची गोळी

प्रिय ठोंब्या,

रविवारी जेवताना सुनेसमोर तू मला जेलर म्हणालास. तुझे बाबा मान खाली घालून गालात हसले. हॉटेलच्या टेलिफोन बोर्डावर बसून मी तीस वर्षं परक्या माणसांना गोड आवाजात उठवलं, तेव्हा असं कुणी म्हटलं नाही.

उन्हाळ्यात तू त्यांना वीस दिवस तुझ्याकडे नेलंस आणि सुट्टीत बीपीच्या गोळीलाही सुट्टी, असं मोठ्या मनानं जाहीर केलंस. ते तर टपलेलेच होते. परत आल्यावर दवाखान्यातल्या नर्सनं डबी पालथी करून उरलेल्या गोळ्या मोजल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्या लपवल्या. रक्ताचा रिपोर्ट बिघडला होता. बीपीच्या गोळ्या कुणी अशा मोजत नाही रे.

तुझ्या बाबांना एचआयव्ही आहे. अकरा वर्षं झाली. गोळी रोज वेळेवर घेतली तर माणूस धडधाकट जगतो, आणि मला आजवर लागण झाली नाही तेही त्यामुळेच. हे कसं झालं, ते मी एकदाच विचारलं. त्यावर त्यांनी सहा दिवस गोळीला हात लावला नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सातव्या दिवशी मीच माफी मागितली. मी जन्मात कधी कुणाची माफी मागितली आहे का, ते तुझ्या आत्याला विचार.

तेव्हापासून खऱ्या गोष्टीवर चिडायची मला चोरी आहे. ओल्या टॉवेलवर चिडते, उघड्या राहिलेल्या नळावर चिडते. तेही सकाळची नऊची गोळी पोटात गेल्यावर, बेतानं, कारण उद्याचे नऊ वाजायचेच असतात. तुझ्या बाळाच्या वेळी या गोळीपायी चारच दिवस राहिले म्हणून सूनबाई अजून धड बोलत नाही. तिचं काय चुकलं? नोकरी होती तोवर निदान दिवसभर बाहेरची हवा लागायची. आता आम्ही दोघं आणि ती डबी. माझ्यावर उपकार केल्यासारखी ते गोळी गिळतात, आणि मला हायसं वाटतं. त्या हायसं वाटण्याचाच मला जास्त संताप येतो.

सोमवारी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. पाच दिवस मी घरात नसेन, म्हणून तू ये. हे त्यांना न विचारता लिहिते आहे. तुला कळल्याचा वास जरी आला तरी ते गोळी बंद करतील, तेव्हा चेहरा सांभाळ. नऊला गोळी आणि पाणी हातात दे आणि गिळेपर्यंत समोरून हलू नकोस. तुला खूप विचारावंसं वाटेल, ओरडावंसं वाटेल. तिथे एक शब्द काढू नकोस. हॉस्पिटलात माझ्याकडे ये आणि काय ते बोल. मी ऐकेन. मला असं कुणी मिळालं नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
आई