तुझ्या जीपखालच्या प्लेटा

शंतनुदादा,

जीपखालच्या स्किड प्लेटा शोधू नकोस. आज सकाळी मी त्या खोलल्या आणि माझ्या जीपला बसवल्या.

मागच्या महिन्यात चंबळच्या बीहडातल्या घळीत दगडावर आपटून माझ्या गाडीचं इंजिनखालचं चेंबर फुटलं आणि सगळं ऑइल वाळूत गेलं; ते झाकणाऱ्या प्लेटाच जागेवर नव्हत्या. प्लेटा वाटेत कुठेतरी उखडून पडल्या असतील, असं तू म्हणालास. मित्रांसमोर हसून वर म्हणालास, "हिला गाडी झेपत नाही." बाबांनाही तेच सांगितलंस. त्यांनी माझी जीप विकायला काढली. मी गप्प बसले, कारण चूक माझीच असेल असं मलाही वाटलं.

काल नवं चेंबर बसवताना पडावच्या गॅरेजातला मिस्त्री म्हणाला, "दीदी, प्लेटें उखड़ी नहीं हैं, किसी ने पाने से खोली हैं." घरी आले ती थेट तुझ्या गाडीखाली शिरले. प्लेटेच्या कडेला मी खिळ्याने कोरलेलं माझं नाव तसंच होतं.

बाबांना हाताला धरून आणलं, खाली वाकवलं आणि दाखवलं. ते बराच वेळ उठलेच नाहीत.

आजच्या जीपच्या स्पर्धेला मी चालले आहे, तू उतरणार होतास त्याच गटात. अकरा वाजता हजिरा मोहल्ल्यातून माझ्या जीपसाठी ठरलेलं गिऱ्हाईक येईल. बाबांनी त्याला आता तुझी जीप दाखवायला सांगितलं आहे. पोहे झाकून ठेवलेत. खा, आणि गाडी धुऊन ठेव. चिखलाने भरलेली गाडी कोणी घेत नाही.

अवंतिका