वडेपुरीचाच डोंगर

अप्पा, परवा मी सहस्रकुंडच्या धबधब्याला जाऊन आले. तुम्ही असता तर जाऊच दिलं नसतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी आज वेड्यासारखी तुमच्याशी कागदावर बोलत बसलेय, कारण परवा तिथं जे ऐकलं ते दुसऱ्या कुणाशी बोलता येत नाही.

पाऊस उघडला की एका दिवसाची सहल, हा आपल्या तिघांच्या घरचा नेम. दुकानाला कुलूप, अव्वाच्या हातचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि कंधारहून सकाळची एसटी. कुठं जायचं हे मात्र विचारायची सोय नाही. वडेपुरीचा डोंगर. दरसाल तोच डोंगर, त्याच पायऱ्या, वर जाऊन खालची तीच शेतं बघायची. मी पाय आपटायचे, 'अप्पा, एकदा तरी धबधबा बघू की!' तुमचं उत्तर ठरलेलं, 'पाणी काय बघायचं, पाणी नळाला येतं.' नळाला तरी कुठं यायचं मेलं, आठवड्यातून एकदा! सातवीत शाळेची सहल सहस्रकुंडला निघाली तेव्हा तर तुम्ही गाडीत चढलात, माझं मनगट धरलंत आणि सगळ्या पोरींसमोर मला खाली उतरवलंत. संध्याकाळी गरम जिलेबीची पुडी माझ्यासमोर ठेवलीत, ती मी नेऊन म्हशीला घातली. हट्टी माणूस, असा मी तुमच्यावर शिक्का मारला तो कायमचा.

आणि सकाळची तुमची पूजा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाटावर बसून तुम्ही गळ्यातलं इष्टलिंग, आपल्यात जन्मल्यापासून ज्याच्या-त्याच्या गळ्यात असतं ते, सोडताय, डाव्या तळहातावर ठेवताय, भस्म, बेलाचं पान. आणि त्याच्याशेजारी दुसरं लिंग, अगदी चिमुकलं. मी शेजारी बसून चहात खारी बुडवतेय. मला वाटायचं, सगळ्यांच्याच अप्पांकडे दोन असतात. वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, आमच्या अप्पांकडे एकच आहे, तर मी तिला म्हटलं होतं, 'मग गरीब असतील तुमचे अप्पा.' तुमचं लिंग हातात देऊन तुम्हाला समाधीत बसवलं तेव्हा स्वामींनी विचारलं, हे दुसरं कुणाचं? अव्वा एवढंच म्हणाली, 'ते बी संगं जाऊ द्या.' मी समजले, आजोबांचं लहानपणचं असेल.

परवा लेकीला सुट्टी होती. तिनं फोनवर धबधबा बघितलेला, मलाही जुना राग होताच. म्हटलं, यंदा डोंगर नाही, यंदा माझ्या मनाचं. नांदेडहून गाडी केली. अव्वा नको नको म्हणत होती, पण आम्ही दोघीच निघालो म्हटल्यावर आली. तिथं पोचल्यावर पाण्याकडे पाठ करून बसली. मला वाटलं, वयाची कुरकुर. लेकीला कडेच्या खडकावर पाय भिजवायचे होते. तिच्या गळ्यातल्या लिंगाचा दोरा विरला होता. पाण्यात पडलं तर? आपल्यात लिंग हरवणं म्हणजे केवढी गोष्ट, लहानपणापासून ऐकलेलं. मी वाकून ते सोडायला लागले आणि अव्वा किंचाळली. गुडघ्यांनी उठवत नाही तिला, ती धावत आली आणि तिनं माझा हात हिसडला. 'काढू नको! तुज्या अप्पांनी बी असंच काढलं व्हतं!'

मग तिथंच, ओल्या खडकावर बसून, ती बोलली. 'तुज्या आधी पोरगं व्हतं मला. चार वर्षांचं. हितंच, लिंग पाण्यात जाईल म्हणून यांनी त्याच्या गळ्यातलं काढलं. खिशात ठेवाया हात सोडला, तेवढंच. लिंग ऱ्हायलं, लेकरू गेलं. हाती बी लागलं न्हाई.'

अप्पा! मला भाऊ होता? घरात एक फोटो नाही, एक अंगडं नाही, कुणाच्या तोंडून चुकून नाव नाही. मी अव्वावर ओरडले, लोक बघायला लागले. का नाही सांगितलं? ती म्हणाली, 'त्यांनी शपथ घातली व्हती. पोरीच्या मनात पाण्याचं भ्या नको म्हणून.' माझ्या मनात भीती नको, आणि स्वतः रोज सकाळी त्याचं लिंग तळहातावर घेऊन धूत होतात. मी शेजारी खारी खात होते हो! कसं सोसलंत? मला तुमची दया येते आणि तुम्हाला गदागदा हलवावंसंही वाटतं, आणि दोन्ही करायला तुम्ही नाही आहात.

हा कागद तुमच्या समाधीवर ठेवावा म्हटलं, पण अव्वाच्या हाती लागेल. राहू दे माझ्यापाशीच. एकच सांगायचं राहिलं. परतताना लेक विचारत होती, आजी का रडली, आणि धबधब्याला पुन्हा कधी यायचं. मी तिचा हात घट्ट धरून बसले होते, तो दुखतोय म्हणाली तरी सोडला नाही. खरं सांगायचं ठरवूनच तोंड उघडलं होतं, अप्पा. पण म्हणाले, 'पुढच्या वर्षी वडेपुरीच्या डोंगरावर जाऊ. पाणी काय बघायचं, पाणी नळाला येतं.'