माळ्याचा भाव

चि. परशरामास आशीर्वाद.

खडेबाजारातला तुझा चित्रांचा माळा नवा करून मी विकायला काढलाय. तू रंग कालवायचास आणि मी शाळेतल्या कविता म्हणायचो, तिथं आता चकचकीत फरशी आहे. दलाल कल्लाप्पा म्हणाला, "आण्णा, चित्रकार वारला म्हटलं की भाव लई येतोय. धारवाडात लेकीकडं चहा पीत बसलाय म्हणून सांगू व्हय?" मी जाहिरातीचा कागद त्याच्याकडं सरकवला. जाहिरातीत तुझ्या नावाआधी कैलासवासी लागलं.

काल एक तरुण जोडपं बघायला आलं. त्यातल्या पोरीनं तुझ्या खिडकीपाशी हात जोडले. "कसे गेले हो ते?"

"झोपेत," मी म्हणालो. "काही त्रास झाला नाही."

खोटंच बोलायचं होतं, परशा, म्हणून तुझ्यासाठी त्यातल्या त्यात सोपं मरण निवडलं. हे पत्र पेटीत टाकवत नाही.

तुझा,
आण्णा