सेल दुप्पट का टिकतो

४ फेब्रुवारी, मंगळवार
रोजनिशी आजपासून. प्रेझेंटेशन शिकवणारा एक व्हिडिओवाला आहे, तो म्हणतो की चांगला वक्ता रोज स्वतःचं निरीक्षण करतो. माझ्यात निरीक्षण करण्यासारखं बरंच आहे.

आज साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. आमची कंपनी कानाची मशिनं विकते आणि दुरुस्तीचा काउंटर गेली अठरा वर्षं मी सांभाळतोय. तो महिनाअखेर बंद. बिघडलेली मशिनं यापुढे लांबच्या गावी आमच्या गोडाउनला जाणार. मशिनं कुरियरने, मी बदलीवर.

मग दुसरी बातमी. गावाबाहेरच्या वृद्धनिवासाला तिथल्या सगळ्यांसाठी मशिनं घ्यायची आहेत. वीस तारखेला त्यांच्या कमिटीपुढे कोणीतरी प्रेझेंटेशन द्यायचं. साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात वर. साहेब मात्र सेल्समधल्या 'दोन मिनिटं'कडे बघत राहिले. (हे नाव ऑफिसने ठेवलंय. ग्राहकाला म्हणते, दोन मिनिटं घेऊ का, आणि खरंच दोनच मिनिटं घेते. कसली आलीय तयारी?) ती खाली मान घालून फोन बघत होती. शेवटी साहेब म्हणाले, ठीक आहे, ऑर्डर आणलीत तर सेल्सची रिकामी खुर्ची तुमची. नाही आणलीत तर एक तारखेपासून गोडाउन.

घरी सांगितलेलं नाही. बायकोची शाळा इथे. बाबा हे घर सोडून कुठेही यायचे नाहीत, जिना उतरायचा म्हटलं तरी दोन दिवस मनधरणी करावी लागते. म्हणजे जायचं मी एकट्याने. ते माझ्याच्याने होणार नाही. ऑर्डर आणतो आणि मगच सांगतो, बदली झाली आणि रद्दही झाली, एकदम.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी
संकल्प : स्लाइड जास्तीत जास्त दहा. बोलणं मोजकं. बोलताना फेऱ्या मारायच्या नाहीत.

संध्याकाळी
स्लाइड सतरा झाल्या. नाइलाज आहे. आधी कान कळल्याशिवाय मशीन काय डोंबल कळणार? फेऱ्याही मारल्या, कारण बसलं की सुचत नाही. खालच्या काकूंनी झाडूच्या दांड्याने आमची जमीन, म्हणजे त्यांचं छत, ठोकलं. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्यांनी इतकं नाजूक असू नये.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
बायकोला ऐकवलं. ती वह्या तपासत होती. मध्येच तिने विचारलं की आपण काय विकतोय हे कितव्या स्लाइडला कळतं. सव्विसाव्या, मी म्हटलं. उत्सुकता ताणायची असते, व्हिडिओवाला सांगतो. मग ती कुकर बघायला आत गेली. नंतर लक्षात आलं, कुकर लावलेलाच नव्हता. शाळेच्या कामाने तिचं डोकं ठिकाणावर नसतं हल्ली.

९ फेब्रुवारी, रविवार
श्रोता कसा असावा तर बाबांसारखा.

चार वर्षं ते आमच्याच कंपनीचं मशीन वापरतात. मी लॅपटॉप उघडला आणि लगेच त्यांचा हात कानामागे गेला. आवाज वाढवून, सरसावून बसले. मग पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे बघत होते. एकदाही मध्ये बोलले नाहीत, जांभई नाही, कुकर नाही. लॅपटॉप मिटल्यावर परत हात कानाला लावला आणि छान म्हणाले.

फक्त एक. बटणाला नुसती टिचकी मारली की आवाज वाढतो, हे मीच त्यांना शिकवलंय. ते मात्र बटण दाबून धरतात, चांगलं दोन-तीन सेकंद. वय झालं की बोटांना अंदाज राहत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
मशीन बंद कसं करायचं, ही स्लाइड ठेवावी का? बटण दाबून धरलं की बंद, परत धरलं की सुरू, एवढंच आहे तिच्यात. पण लोक मशीन ऐकायला घेतात. बंद कोण करेल? तरी राहू दे. माहिती कधी वाया जात नाही.

आजचा शोध मोठा आहे. बाबांच्या मशीनचा सेल मीच बदलतो, तारीख कॅलेंडरवर लिहितो. ते चाळताना कळलं की पाकिटावर लिहिलंय त्याच्या दुप्पट टिकतो सेल! आमच्याच घरात हा पुरावा लोंबकळत होता आणि मी कानाची रचना सांगत बसलो होतो. लगेच आलेख काढला. फक्त जानेवारीत एकदा सेल पाकिटावरच्या मुदतीतच संपलाय. तेव्हा मी ट्रेनिंगला बाहेरगावी होतो, त्यामुळे नक्की काय झालं सांगता येत नाही. थंडी असावी. प्रामाणिकपणा म्हणून तोही खांब ठेवला, लाल रंगात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
'दोन मिनिटं' स्वतःहून काउंटरवर आली. म्हणाली, काका, कमिटीतल्या लोकांना आधी मशिनं घालून द्या आणि एकमेकांशी बोलू द्या, बाकी काही लागणार नाही. मी तिला समजावलं की याला डेमो म्हणतात, प्रेझेंटेशन वेगळं. समजावून होईपर्यंत ती निघून गेली होती. तरुण पिढीला धीर कसा तो नाही.

मशिनं मात्र सगळ्यांना सुरुवातीलाच घालून देणार आहे. म्हणजे माझा शब्द न् शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचेल. कल्पना तशी माझीच म्हणायची.

साहेबांनी विचारलं किती वेळ लागेल. चाळीस मिनिटं. कमिटीने पंधरा दिलीत म्हणे. आता भरभर बोलण्याचा सराव.

१५ फेब्रुवारी, शनिवार
व्हिडिओवाल्याचा आजचा धडा, पॉज. महत्त्वाच्या शब्दाआधी थांबायचं, समोरचा कान टवकारतो. दुकानात पाव मागताना करून बघितलं. 'मला एक', म्हटलं आणि थांबलो. दुकानदाराने माझ्या मागच्या माणसाला पाव दिला. दोष तंत्राचा नाही, तिथे गर्दी फार होती.

आज कुठेही टेकवत नाही. अक्षराचा टाइप तीनदा बदलला, बूट दोनदा पुसले. दुपारी बाबा खुर्चीत डुलकी घेत होते तेव्हा उगाच जाऊन उभा राहिलो. मी गेलो तर यांचा सेल कोण बदलणार? ते एवढंसं झाकण त्यांच्या बोटांनी उघडत नाही.  मग परत येऊन शेवटच्या स्लाइडवर हसऱ्या कुटुंबाचा फोटो टाकला.

१९ फेब्रुवारी, बुधवार
उद्या. स्लाइड एकूण अठ्ठावन्न. एकही काढण्यासारखी नाही.

बाबांसमोर शेवटची तालीम. हात कानामागे, दाबून धरणं, सगळं नेहमीसारखं. दोनदा मनापासून हसलेही. मी हसण्यासारखं काय बोललो ते शोधतोय. मांडीवर पेपर होता, पण तो उघडाच असतो त्यांच्या मांडीवर.

जेवताना बायकोने विचारलं, एका मीटिंगसाठी इतकी घालमेल कशाला? वाटलं, सांगून टाकावं. नीट कळावं म्हणून कंपनीच्या धोरणापासून सुरुवात केली. बदलीपर्यंत पोहोचलो तेव्हा ती टेबलावरच झोपली होती. तिच्या खांद्यावर शाल टाकली.

२० फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी चार
झालं. जिंकलो असं समजायला हरकत नाही.

लांबट खोली, लांबट टेबल, प्रत्येकापुढे पाण्याचा ग्लास. सगळे सत्तरीच्या पुढचे. अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, पाठीचा कणा अजून पट्टीसारखा सरळ. साहेब कोपऱ्यात, 'दोन मिनिटं' प्रोजेक्टरपाशी. मी एकेकाच्या कानात मशीन बसवलं. कोणालाही टोचलं नाही. एक आजोबा तर म्हणाले, लागलंय हे कळलंच नाही. मग बटण शिकवलं, टिचकी मारली की आवाज वाढतो, दाबून धरलं की मशीन बंद. सगळ्यांनी करून बघितलं. सगळ्यांना जमलं.

मग मी सुरू झालो. तिसऱ्या स्लाइडला अध्यक्षबाईंचा हात कानामागे गेला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग शेजारच्या खजिनदारांचा. कानाच्या पडद्यापर्यंत आलो तोवर टेबलाच्या टोकापर्यंत सगळ्यांचे हात जाऊन आले होते. इतके शांत, समाधानी चेहरे मी कुठल्याही मीटिंगमध्ये बघितलेले नाहीत. पंधरा मिनिटं कधीच उलटली होती, पण कोणी घड्याळाकडे बघितलं नाही. घड्याळाकडे बघत होते फक्त साहेब. त्यांच्या कानात मशीन नव्हतं.

एकच गडबड झाली. पॉज घेतला तर सगळे उठून चहाकडे निघाले. हात करून बसवावं लागलं.

'माझ्या वडिलांचा सेल' हा आलेख आला तेव्हा अध्यक्षबाईंनी परत कानामागे हात नेला आणि पहिल्यांदाच प्रश्न विचारला. तुमचे वडील तुमच्याजवळच राहतात का? मी म्हटलं, एकाच घरात. मग हा लाल खांब कसला? मी म्हटलं, तेव्हा मी आठवडाभर बाहेरगावी होतो. त्यांनी सगळ्यांना कानामागे हात लावायची खूण केली आणि माझं उत्तर मोठ्याने परत सांगितलं. सगळी खोली हसली. खजिनदारांना तर ठसका लागला. सेलच्या आलेखावर इतकी दाद कधी कोणाला मिळाली नसेल.

त्यानंतर पाण्याचे ग्लास भरत 'दोन मिनिटं' एका आजींशी काहीतरी बोलत होती. माझ्या पंचेचाळिसाव्या स्लाइडच्या मध्येच. सोडून दिलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
ऑर्डर मिळाली! पूर्ण! सगळ्या रहिवाशांसाठी!

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, मी टाय घालून गेलो. साहेब म्हणाले, बसा. अध्यक्षबाईंचा सकाळी फोन आला होता. मशीन स्वच्छ ऐकू येतं, घालायला सोपं आहे, पण सगळ्यांना जास्त आवडलं ते हे की पाहिजे तेव्हा बंद करता येतं आणि समोरच्याला पत्ताही लागत नाही. शाळेत आयुष्यभर भाषणं ऐकली, तेव्हा ही सोय कुठे होती, असं म्हणाल्या. आणि एक अट घातली. मशिनं बसवायला आणि दर महिन्याला तपासायला त्या पाणी देणाऱ्या मुलीला पाठवा.

मी म्हटलं, म्हणजे माझ्यामुळेच ऑर्डर आली. साहेब म्हणाले की हो, एका अर्थी तुमच्यामुळेच. खुर्ची मात्र नाही. त्यांच्या डोळ्यासमोर मी अजून स्लाइड बदलत होतो बहुतेक. गोडाउन, एक तारीख.

मी माझी बाजू मांडायला लागलो. साहेबांचा हात कानामागे गेला आणि नुसतं खाजवून परत आला.

दारात 'दोन मिनिटं' उभी होती. म्हणाली, काका, तुमच्यासारखं मशीन बसवणारा दुसरा नाही, मी साहेबांना सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. मग गेली. अर्धं मिनिटही नसेल. तिचं सगळं बोलणं मला पाठ आहे.

गोडाउनमध्ये अनुभवी माणूस हवा असणार. साहेब उघडपणे बोलले नाहीत, पण विश्वासाशिवाय अशी जबाबदारी कोणी देत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
घरी सांगायला छोटंसं प्रेझेंटेशन केलं. नाव, 'बदली : एक संधी'. फक्त बारा स्लाइड. बायको शाळेच्या कामाला बाहेर गेली होती, म्हणून आधी बाबांना.

बाबांसमोर लॅपटॉप उघडला. त्यांचा हात कानामागे गेला. आज मी बोललो नाही, बघत राहिलो. अंगठ्याने मशीन धरलंय, बोट बटणावर. टिचकी नाही. दाबून धरलंय. काउंटरवर हेच मी लोकांना शिकवतो. गुरुवारी त्या कमिटीला शिकवलं. कॅलेंडर समोरच्या भिंतीवर होतं, सेलच्या तारखांसकट. जानेवारीत थंडी नव्हती.

लॅपटॉप मिटला. काहीच सुचेना, म्हणून बसून राहिलो. फेऱ्याही मारल्या नाहीत.

बाबा थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होते. तोंड हलत नव्हतं. मग त्यांनी कानामागे हात नेला. मशीन सुरू होताना बारीक शीळ घालतं, ती मला ऐकू आली.

"काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"बाबा, माझी बदली झालीय. लांब."

"कधीपासून?"

"एक तारखेपासून."

 त्यांनी तळहात माझ्यापुढे धरला.

"सेल कसा बदलायचा ते शिकव," ते म्हणाले. "हळूहळू जमेल मला."

मला रडू आलं. ते लपवायला लगेच बोलायला लागलो, की तसं बघितलं तर ही संधी आहे, त्यासाठी आधी गोडाउनची रचना समजून घ्यायला हवी, तिचे तीन भाग पडतात.

बाबांचा हात कानाकडे निघाला.

मी थांबलो. हात खाली आला. नवा सेल काढून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि झाकण कुठून उघडतं ते नुसतं बोटाने दाखवलं.