ताईच्या ॲम्पचा बसलेला घसा

ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून लिहितो आहे. शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर तीन जिने चढवल्यापासून कंबर सरळ व्हायला तयार नाही. तो का चढवला ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं ब्लडप्रेशर आटोक्यात आहे ना? माझं पत्र त्यांना वाचून दाखवणार असशील तर आधी गोळी घ्यायला सांग. इकडे आई ठणठणीत आहे, तुझी भावजय माझ्याशी कामापुरतं बोलते आहे, आणि मी गुरुवारपासून जो हादरलो आहे तो अजून जागेवर आलेलो नाही.

तुझं पत्र मिळालं. भाचीला गिटार शिकायची आहे, तेव्हा व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या रेडिओसारखे काचेच्या नळ्यांवर चालणारे, दोन-तीन ॲम्प शेजारी शेजारी ठेवून वाजवून बघ, कुणाचा आवाज गोड, कुणाचा दणदणीत, आणि कुठल्या हाताला कुठला मानवतो ते नीट कळव, असं तू लिहिलंस. आणि खाली, जाता जाता, की माझा जुना चाळीस वॅटचा कुणी नेत असेल तर देऊन टाक, त्याचा घसा आणि माझा हात एकाच संध्याकाळी गेले, ठेवून काय करायचंय. ताई, प्रामाणिकपणे सांगतो, हे वाचून मला तुझ्या हाताचं वाईट वाटलं नाही, ॲम्पचं वाटलं. बारा वर्षं दर रविवारी मीच तो वाजवतो आहे. देऊन टाक म्हणजे काय? म्हणून मी मनाशी ठरवलं की परीक्षा चोख घ्यायची, पण पहिला नंबर तुझ्याच ॲम्पचा आणायचा.

आता मला आयुष्यात एकच परीक्षा घेता येते. अठरा वर्षं चष्म्याच्या दुकानात माणसांना खुर्चीत बसवून, एक डोळा झाकायला लावून, भिंगं बदलत 'आधीचं बरं की आत्ताचं?' एवढंच विचारतो आहे. तेच केलं. आईला खुर्चीत बसवलं, तोंड भिंतीकडे, पाठ ॲम्पकडे, आणि डावा कान तळहाताने झाकायला सांगितला. आईने विचारलं की दोन्ही झाकले तर चालतील का. दुकानातलं कार्ड हातात घेतलं, त्यावर 'उजवा', 'डावा', 'जवळचं', 'दूरचं' छापलेलं असतंच. जवळचं म्हणजे खोलीतून, दूरचं म्हणजे जिन्यातून. तुझ्या भावजयीला जिन्यात उभं केलं. (ती तिथून भाजी आणायला निघून गेली हे मला अर्ध्या तासाने कळलं. तिच्या नावापुढचे पहिले तीन शेरे मीच अंदाजाने भरले आहेत.)

पहिला ॲम्प वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा. पाच वॅटचा, पावाच्या डब्याएवढा. देताना त्यांनी बजावलं होतं की बटण तीनच्या पुढे नेऊ नका. मी मनात हसलो. आपल्या फ्रिजमधला दिवा पंधरा वॅटचा आहे आणि त्याने आजवर कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. बटण सरळ दहावर नेलं आणि सगळ्या तारांवरून एक हात फिरवला. ताई, मला वाटलं इमारत बसली. शोकेसमधल्या बशा एकमेकींवर आपटल्या, माझं सहावीतलं विज्ञान प्रदर्शनाचं रॉकेट (दुसरं बक्षीस, आई दर आठवड्याला पुसते) आपल्या जागेवरून दोन बोटं पुढे सरकलं, आणि आई कान झाकलेला हात तसाच ठेवून उठून उभी राहिली. मिनिटभरात डॉक्टर जिन्यावरून धावत खाली आले. त्यांच्या मागोमाग त्यांचा पेशंट आला, गळ्यात रुमाल, एक गाल सुन्न. तो बराच वेळ कळकळीने काहीतरी बोलला, पण एक अक्षर कुणाला कळलं नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की पाच वॅट म्हणजे घरात भरपूर झाले. असा छोटा ॲम्प हळू ठेवला की सभ्य, पिळला की आवाज फाटतो, पण गोड फाटतो, म्हणून तारा सपासप ओढणाऱ्यांना तो फार आवडतो. मग ते पेशंटला धरून वर गेले.

दुसरा आमच्या ओळखीच्या सुताराचा, शंभर वॅटचा. त्याचं चार मित्रांचं टोळकं मैदानात वाजवतं. आता तूच हिशेब कर. पाचाने जर बशा आपटल्या तर शंभराने काय होईल? वीसपट. मी शोकेस रिकामं केलं, खिडक्या उघडल्या, आईला आतल्या खोलीत नेलं, खालच्या मजल्यावर जाऊन आगाऊ माफी मागून आलो, आणि जीव मुठीत धरून बटण दोनवर नेलं. मोठा होता, नाही असं नाही. मग हळूहळू वर नेत गेलो, पण वीसपट कुठलं काय. ॲम्पसोबत आलेल्या सुताराने शांतपणे सांगितलं की ताकद दहापट केली तर कानाला आवाज जेमतेम दुप्पट लागतो. मी अठरा वर्षं नंबर लावतो आहे, पण आकड्यांनी माझा असा विश्वासघात कधी केला नव्हता.

पण खरा दणका पुढेच होता. तो शंभराचा फाटतच नाही. कितीही वर न्या, स्वच्छ. नवीन चष्मा लावून गिऱ्हाईक आरशात बघतं आणि चष्म्यातच दोष आहे म्हणतं, असं माझ्याकडे आठवड्यातून दोनदा होतं. माझंही तेच झालं. माझं बोट चुकीच्या तारेला लागलेलं, मधेच दबलेलं, उशिरा पोचलेलं, सगळं लख्ख ऐकू यायला लागलं. मी सुताराला म्हटलं की याच्यात काहीतरी बिघाड आहे. तो मोठा भिडस्त माणूस. त्याने फक्त विचारलं की शिकायला लागून किती दिवस झाले. बारा वर्षं झाली हे सांगायची मला छाती झाली नाही.

तेव्हा मोठ्या आशेने तिसरा लावला, तुझा. दोनवर ठेवला तर मधासारखा, ते तुला माहीत आहेच. चारवर नेला आणि घोगरा झाला. माझं सगळं चुकलेलं त्या घोगरेपणात पुन्हा झाकलं गेलं, जसे चांगले नातेवाईक चारचौघांत आपलं झाकतात तसं. मला हायसं वाटलं. आईला विचारलं, आधीचं बरं की आत्ताचं? ती आधीचं म्हणाली. आणि सुताराच्या कपाळाला आठ्या पडल्या. चाळीस वॅटचा आहे तर सहा-सातपर्यंत स्वच्छ राहायला हवा, हा विसाच्या वर नाही, असं तो म्हणाला. ओढून वाजवणाऱ्याला ठीक आहे, पण बोटांनी एकेक तार निवडून वाजवणाऱ्याचा हा भर सभेत घात करेल, असंही म्हणाला. तुझ्याबद्दल त्याला काहीही माहीत नाही, ताई.

मला एकदम हॉलमधली ती संध्याकाळ आठवली. मी अकरा वर्षांचा, पहिल्या रांगेत. तू तो हळू तुकडा वाजवायला बसलीस, मागून लोक आवाज वाढवा म्हणाले, तू वाढवलास, आणि गिटारला सर्दी झाल्यासारखं झालं. कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. हॉलच्या माणसाने ॲम्प पाहिला, दिवा लागतोय, चालू आहे, म्हणजे हाताचाच दोष, असं म्हणून तो गेला. तू घरी येऊन बेसिनपाशी उभी राहिलीस आणि उजव्या हाताची नखं कापलीस. डाव्या हाताची तू नेहमीच कापायचीस. उजव्या हाताची, तारा छेडायला वाढवलेली, कधीच नाही.

सुताराने रेडिओच्या मिस्त्रींना बोलावून आणलं. गृहस्थ सत्तरीचे, हात खिशात ठेवूनच वस्तू बघतात. त्यांनी ॲम्प भिंतीपासून ओढायला लावला आणि मागून आत वाकून बराच वेळ पाहत राहिले. मोठ्या व्हॉल्व्हच्या चार जागा. दोन ठिकाणी व्हॉल्व्ह, दोन ठिकाणी कोळ्याची जाळी.

"ह्याला चार लागतात," ते म्हणाले. "बिचारा दोघांवरच ओढतोय."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्या रिकाम्या जागा मी बारा वर्षं पाहतो आहे. मला वाटायचं की घरात चार खुर्च्या ठेवतो म्हणून रोज चार पाहुणे थोडेच येतात. मिस्त्रींनी सांगितलं की दोन काढले तरी चालतो, हळू वाजवताना कुणाच्या लक्षातही येत नाही, पण जोर मागितला की लगेच घसा बसतो. हात लावणाऱ्याचं नशीब थोर, कारण बंद केला तरी आत करंट दबा धरून बसलेला असतो. कुणी काढले, असं त्यांनी विचारलं. मी छताकडे पाहिलं. घर बदललं तेव्हाच्या हमालांचं काम असावं, असं मी मोघम म्हणालो. असो. चोर सापडला नाही.

तर निकाल असा. भाचीला घरात शिकण्यासाठी पाचाचा घे, शंभराचा मुळीच नको, आणि तुझा विकू नये. इथेच राहू दे, मी नाइलाजाने सांभाळेन. भाऊजींना नमस्कार, भाचीच्या पाठीत मामातर्फे एक प्रेमाचा धपाटा.

तुझा हादरलेला धाकटा

ता. क. कार्ड सोबत ठेवलं आहे. आईच्या नावापुढे 'जवळचं: बरं, दूरचं: फार छान' असं दिसेल. याचा अर्थ मी जिन्यात जाऊन वाजवलेलं तिला जास्त आवडतं, असा निघतो. त्यावर विचार करू नकोस.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून पुन्हा लिहितो आहे. ताई, हमाल नव्हते. रॉकेट आठवतं ना, चांदीच्या कागदाचं? त्याच्या दोन्ही बाजूंना काचेची दोन उंच, वर काळी चकाकी असलेली धूर सोडायची नळकांडी होती, आणि परीक्षकांनी त्यांचंच विशेष कौतुक केलं होतं. ते तुझे व्हॉल्व्ह. मला वाटलं झुंबराचे दोन दिवे काढले तर उजेड थोडा कमी पडतो, एवढंच. प्रदर्शन सोमवारी होतं, तुझा कार्यक्रम त्याच्या आधीच्या शनिवारी. मंगळवारी परत लावणार होतो, पण शाळेने मॉडेल महिनाभर कपाटात ठेवलं, आणि ते घरी आलं तोवर तू ॲम्पवर चादर टाकून दिली होतीस. त्या चादरीचा आणि माझ्या रॉकेटचा काही संबंध असेल हे मिस्त्री वाकले त्या क्षणापर्यंत, सत्तावीस वर्षं, माझ्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्यांची नजर तपासून पोट भरतो मी. तुझा हात कधीच गेला नव्हता, ताई. तो मी नेला आणि शोकेसमध्ये मांडून ठेवला, आणि आई तो दर आठवड्याला पुसत राहिली.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली की ते दुसरं बक्षीस शाळेत परत देऊन ये. मिस्त्रींनी रॉकेटचे व्हॉल्व्ह तपासले. दोन्ही जिवंत. आत होते ते दोघं माझ्या रविवारांनी झिजले आहेत, तेवढी जोडी बदलली. हे दोघं मात्र चाललेलेच नसल्यामुळे अगदी ताजे राहिले आहेत. चारही लावले, बटण सहावर नेलं, आणि तू वाजवायचीस त्या हळू तुकड्याच्या पहिल्या दोन ओळी मी जमतील तशा वाजवल्या. जराही फाटला नाही. परीक्षा नव्हती, मी काही विचारलंही नव्हतं, पण आई आपणहून त्या खुर्चीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"आवाज तिचा आहे," ती म्हणाली. "हात तुझा आहे."

शेवटचा ता. क. वर 'इथेच राहू दे' लिहिलं आहे ते खोड. चार व्हॉल्व्हवर तो माझं काहीच झाकत नाही, आणि तुझ्या भावजयीने मला बारा वर्षांत पहिल्यांदा विचारलं की हे तू आधीपासून असंच वाजवायचास का. ॲम्प घेऊन पुढच्या महिन्याच्या अखेरीस मी स्वतः येतो. (सुतारही येणार आहे, माझ्या कमरेमुळे.) माफी पत्रातून मागत नाही, समोर येऊन मागेन, तेव्हा काय मारायचं ते मार. तोवर माझं एकच ऐक. उजव्या हाताची नखं आजपासून कापू नकोस.