बेबीआत्याचं मत

अमरावती,
३ जून २००७

ती. सौ. बेबीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सीमाचं पत्र मिळालं. लकव्यातून तुझा पाय सुटला, पण उजवा हात अजून मांडीवर नुसता पडून असतो, आणि अकोल्याच्या डॉक्टरांनी पिळायला दिलेला रबरी चेंडू तू चौथ्या दिवशी बकरीच्या अंगावर फेकलास, हे वाचून मी आधी हसलो आणि मग मला माझाच राग आला. फोनवर शब्द अडखळतात म्हणून तू फोन घेत नाहीस. मग आता पत्रंच. तू सांग, सीमा लिहील. सीमे, आई सांगेल तेच लिहायचं, आपली अक्कल मध्ये पाजळायची नाही.

टोळीतली दुर्गाबाई येऊन विचारून गेली म्हणे, की औंदा कापूस वेचणीची टोळी कोण चालवणार. बारा वर्षं त्या दहा बायांच्या पुढे पहिली पात, म्हणजे कडेची ओळ, तू धरतेस. तू तिला सांगितलंस की दसऱ्यानंतर सीतादहीच्या, पहिल्या वेचणीच्या पूजेच्या दिवशी वावरात ये, मी पात धरलेली दिसेल. आत्या, तुझं हे उत्तर मला फार आवडलं. आता त्याच्या तयारीला लागू.

डॉक्टर म्हणतात, बोटं दिवसातून हजार वेळा हलली पाहिजेत. हजार वेळा बोट हलवणारा आपल्या खानदानात एकच दिवटा आहे, तो मी. संध्याकाळी मी ज्या सायबर कॅफेत काम करतो, तिथल्या मालकानं एक जुना कॉम्प्युटर टाकून दिला होता. तो मी दुरुस्त केला आहे. तुमच्या गल्लीतले देवीदासभाऊ नांदगाव पेठेच्या कारखान्यातून शनिवारी गावी येतात, ते घेऊन येतील. सोबत तीन गेम आहेत. नावं इंग्रजी आहेत, त्यांच्या नादी लागू नकोस, माझी नावं लक्षात ठेव.

पहिला फुग्यांचा. फुगे वर जातात, माउसचं बटण दाबून फोडायचे. जुना आहे, संगीत डोकं उठवणारं आहे, आवाज बंद करून खेळ. सुरुवातीला यापेक्षा चांगला गेम नाही. दुसरा शेतीचा. तो याच वर्षी आला, इथली पोरं त्यासाठी रांग लावतात. रंग इतके सुरेख की नुसतं बघत बसावं. तिसरा लाल गाडीचा. तो मी सांगेपर्यंत उघडू नकोस. ज्यानं बनवला त्याला घाई फार, आणि वळणावळणावर झाडं लावून ठेवली आहेत. गेम निवडताना माझी पहिली अट असते ती लाइट गेली तरी खेळ जपून ठेवण्याची. तुमच्याकडच्या लोडशेडिंगमध्ये बाकीचे गेम कुचकामाचे. आणि एकच नियम, उजवा हात.

मामाजींना नमस्कार, बायकोच्या उजव्या हातावर लक्ष ठेवा म्हणावं. तुझा लोभ आहेच, फक्त चेंडूसारखा फेकू नये.

तुझा,
नितेश


पातूर,
२४ जून २००७

चि. नितेशास,
अ. उ. आ.

आई सांगते आहे, मी सीमा लिहिते आहे. माझी अक्कल कुठेही घातलेली नाही.

कॉम्प्युटर पोचला. देवीदासभाऊंनी अकोल्यापासून तो मांडीवर घेऊन आणला, कंडक्टरनं त्याचंही तिकीट मागितलं म्हणून भांडले. पहिल्या दिवशी माउस हातातून बेडकासारखा निसटत होता. सात फुगे फुटले. त्यातले दोन माझ्या इच्छेनं. आता तीस-पस्तीस फुटतात. फुग्यांचा गेम बरा आहे. संगीताबद्दल तू म्हणालास ते खरं आहे.

तुझा शेतीचा गेम मात्र परत पाठवते आहे. तुझ्या पोरांना कसा आवडला ते मला कळत नाही. पेरलं की उगवलंच. तण नाही, डुकरं नाहीत, दुबार पेरणी नाही. ढगावर बोट दाबलं की पाऊस, तोही आपल्याच बांधापुरता. माल नेला की व्यापारी हसून घेतो. असा व्यापारी मी जन्मात पाहिला नाही. तुझे मामाजी दोन संध्याकाळी मागे उभे राहून बघत होते. मग म्हणाले की ज्यानं हा बनवला त्याले एक मृग आपल्या वावरात आणून उभा करा. नितेश, खेळ असला म्हणून काय झालं, काहीतरी आपल्या मनाविरुद्ध व्हायला पाहिजे, नाहीतर बोट हलवायचं कशासाठी?

परवा बातमीसाठी पेपरवाला आला होता. हल्ली गावोगाव हिंडतात, कोणाच्या घरी काय वाईट झालं ते विचारत. मी फुगे फोडत होते. मी त्याला सांगितलं की बाप्पा, आमच्या घरी सगळे जिते आहेत, चहा घेऊन जा. चहा घेतला, लिहून काही नेलं नाही.

जेवत जा. लोभ आहे, तुझ्या गेमपेक्षा तुझ्यावर जास्त.

तुझी आत्या


अमरावती,
१५ जुलै २००७

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी कॅफेत मोठ्यानं वाचलं. पोरं लोळली. मग मोईज, जो इथला सगळ्यात तरबेज खेळाडू आहे आणि कोणाचं ऐकत नाही, तो म्हणाला की आत्या सही बोलून राहिली, त्या गेममध्ये हारताच येत नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच शेतीचा गेम सोडला. तेव्हापासून मी भिंतीवरच्या फळ्यावर एक रकाना काढला आहे, बेबीआत्याचं मत. नवीन गेम आला की पोरं विचारतात, आत्याचं काय म्हणणं.

म्हणून दोन नवे पाठवतो, मत लवकर कळव. एक मधमाश्यांचा, फुलावरून मध उचलून पोळ्यात नेऊन सोडायचा. मला विचारशील तर यंदाचा उत्तम गेम. हरायला भरपूर जागा आहे. दुसरा विटांची भिंत फोडायचा. सुरुवातीला मजा, पण सातव्या पायरीनंतर बनवणाऱ्याला काही सुचलेलं दिसत नाही.

आणि हो, फळ्यावर मधमाश्यांच्या गेममधले सगळ्यांचे स्कोअर मांडले आहेत. मोईज नऊ हजारांवर आहे. तुझं नाव सगळ्यात खाली लिहून ठेवलंय, पुढे जागा कोरी आहे. ती भर.

लोभ असावा, आणि लाइट गेली तरी टिकावा.

तुझा,
नितेश


पातूर,
१९ ऑगस्ट २००७

चि. नितेशास,
अ. उ. आ.

स्कोअर लिहून घे. नऊ हजार चारशे पन्नास. मोईजला माझा आशीर्वाद सांग आणि एक पायरी खाली उतरायला सांग.

मधमाश्यांच्या गेमला मी पैकीच्या पैकी देते. विटांच्या गेमबद्दल तू सातवी पायरी म्हणालास, मला चौथ्यातच कंटाळा आला. यापेक्षा जलद काही असेल तर पाठव. आता तो लाल गाडीचा उघडू का? झाडांचं मी बघून घेईन.

दुर्गाबाईला मी स्कोअर सांगितला. तिला काही समजलं नाही, पण तोंड बारीक झालं.

लोभ आहे. पोरांना दाखव हे पत्र.

तुझी आत्या


पातूर,
२१ ऑगस्ट २००७

ती. नितेशदादास,
सा. न.

हे पत्र आईला न सांगता लिहिते आहे. परवाचं पत्र मी तिच्या सांगण्यावरून लिहिलं, आणि तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

आई डाव्या हातानं खेळते. आधी असं नव्हतं. जूनभर ती उजव्यानंच खेळली, घामाघूम व्हायची, पण सोडायची नाही. तुझं फळ्याचं पत्र आलं आणि चारच दिवसांनी तिनं माउस डावीकडे ठेवला. म्हणाली, एकदा त्या मोईजच्या पुढे जाते, मग परत उजवा. मोईजच्या पुढे गेली, पण माउस डावीकडेच राहिला. उजवा हात पदराखाली असतो. अंगठा जूनमध्ये जरासा वळायला लागला होता, तो पुन्हा आखडला आहे.

काल तिनं मला बाहेर पाठवलं. मी खिडकीतून पाहिलं. वेचणीला बांधतात ती ओटी कमरेला बांधून बघत होती. गाठ बसत नव्हती. तीन वेळा ओटी खाली पडली. मी आत गेले तेव्हा फुगे फोडत बसली होती.

बाबा म्हणतात तिला खुश राहू दे. पण सीतादहीला दोन महिने उरलेत, आणि तिथे सगळ्या बाया बघणार आहेत. ती तुझं ऐकते. माझं नाव सांगू नकोस.

तुझी,
सीमा


अमरावती,
२६ ऑगस्ट २००७

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

लाल गाडी उघडू नकोस. तुझा स्कोअर फळ्यावर लिहिला नाही. स्कोअरचा रकानाच पुसला, सगळ्यांचा.

आत्या, मधमाश्यांच्या गेममध्ये मध उचलताना बटण दाबून धरावं लागतं. जूनमध्ये तीस फुगे फोडणाऱ्या हातानं दोन महिन्यांत नऊ हजार होत नाहीत. मी रोज दीडशे पोरांचे हात बघतो, मला कळतं. तू माउस डावीकडे घेतला आहेस.

चूक आधी माझी. तुझा हात बरा व्हावा म्हणून गेम दिला आणि वर फळ्यावर तुझं नाव टांगलं. स्कोअर दिसला की माणूस काय काय करतो ते मला दुसऱ्यानं सांगायला नको. मी स्वतः सोपी पायरी लावून खेळतो आणि पोरांना अवघड म्हणून सांगतो. हे आजवर कोणाला बोललो नव्हतो.

देवीदासभाऊंबरोबर एकच गेम पाठवतो. मण्यांचा. बटण दाबून मणी उचलायचा, धरून ठेवायचा, दोऱ्यापर्यंत न्यायचा, सोडायचा. बोट ढिलं पडलं की मणी पडतो. स्कोअर नाही, पायऱ्या नाहीत, संगीत नाही, जिंकलो असं सांगणारं कोणी नाही. लाइट गेली की ओवलेलं सगळं जातं. माझं मत विचारशील तर इतका भिकार गेम मी दुसरा पाहिला नाही, आणि तुला दुसरा कुठलाही खेळायचा नाही. डावा हात पदरात बांध.

तुला राग येईल. येऊ दे. रागातही लोभ राहील एवढी मला खात्री आहे.

तुझा,
नितेश


पातूर,
४ नोव्हेंबर २००७

चि. नितेशास,
अ. उ. आ.

दोन महिने पत्र पाठवलं नाही, कारण मला राग आला होता. मी सीमाला म्हटलं की काल चड्डीत हिंडत होता आणि आज मले शिकवून राहिला. मण्यांचा गेम मी माळ्यावर टाकला. आठ दिवस कॉम्प्युटरवर कापड होतं. मग एका दुपारी घरात कोणी नव्हतं, ओटी पुन्हा बांधून पाहिली, आणि बसली नाही. तेव्हा मी जिना चढले.

त्या गेमबद्दल तुझं मत बरोबर आहे, भिकार आहे. पहिले तीन दिवस एक मणी दोऱ्यापर्यंत गेला नाही. मी कॉम्प्युटरला शिव्या दिल्या, तुला दिल्या, तुझ्या मामाजींना विनाकारण दिल्या. चौथ्या दिवशी एक गेला. दसऱ्यापर्यंत दिवसाला चाळीस जायला लागले. दिवसातून तीनदा लाइट जायची आणि दोरा रिकामा व्हायचा. मी पुन्हा पहिल्यापासून ओवायची. सीमाला रडू यायचं, मला नाही आलं.

मागच्या रविवारी सीतादही झाली. वावरात दहीभात ठेवला, पूजा केली, दहाही बाया बांधावर उभ्या होत्या. ओटीची गाठ मी बांधली. मग दुर्गाबाईला म्हटलं, माझा डावा हात पदरानं पाठीमागे बांध. ती तयार नव्हती. म्हणाली, बाई, काहून स्वतःचा तमाशा करून राहिली, दोन्ही हातानं वेच, कोण पाहून राहिलं. मी तिला म्हटलं की मीच पाहून राहिली. मग बांधला.

पहिलं बोंड सुटलं नाही. दुसरं अर्धं सुटलं, सरकी आत राहिली. तिसऱ्यापासून निघायला लागलं. बाकीच्या आत शिरल्या नाहीत, माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. ऊन वर आलं. नऊ बोंडं झाली आणि अंगठा थांबला. मी त्याला पुष्कळ सांगितलं. मग मीच दुर्गाबाईला हाक मारली आणि सांगितलं की औंदा टोळी तू चालव. कोणी मला म्हणायला लावलं नाही, माझ्या तोंडून गेलं. तुला वाटेल तेव्हा मला वाईट वाटलं नाही. वाटलं. बांधावर पाठ करून बसले.

तेवढ्यात टोळी वावरात शिरली. वळून पाहिलं तर दहाही जणी दुसऱ्या पातीपासून लागल्या होत्या. माझ्या पातीला कोणी हात लावला नव्हता. संध्याकाळी सगळं वावर काळं दिसत होतं आणि कडेची एक पात पांढरी. तुझ्या मामाजींनी विचारलं की ती काहून सोडली, तर दुर्गाबाई म्हणाली, ते बेबीताईची आहे.

दुसऱ्या दिवशी मी गेले. अठरा बोंडं झाली. रोज जाते आहे, डावा हात आता कोणाला बांधावा लागत नाही, तो आपला गप्प राहतो. एक पात वेचायला मला आठ दिवस लागले. आज दुपारी पातीच्या टोकाला, धुऱ्याला पोचले.

तुझ्यावरचा लोभ कमी झालेला नाही, रागाचा हिशेब तू आलास की बघू. सीमा म्हणते पत्र लांबलं, आणि मलाही लवकर निजायचं आहे. पहाटे वावरात जायचं आहे. मामाजींनी फरदडीसाठी, म्हणजे मागाहूनच्या बहारासाठी, राखलेल्या तुकड्यातली एक पात मी वेचायला मागून घेतली आहे.

तुझी आत्या